राणीचा कान

सेगोव्हिया, ९ ऑक्टोबर १८६८

ती. ताईस,
फ्रुतोसचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. दाजींचा खोकला कसा आहे? थंडी पडली की ते उगाच शूर होतात, त्यांना गळपट्टा बांधायला लाव.

राणी फ्रान्सला पळाली हे माद्रिदला तुम्हांला आमच्याआधीच कळलं असेल. नव्या मंडळींनी आमच्या टांकसाळीत हुकूम दिला, तिच्या तोंडाचे नाण्यांचे ठसे छिन्नीने निकामी करा. हातोडा कोण घेतो विचारल्यावर सगळे माझ्याकडे बघून हसले. बाबांचं तुला ठाऊकच आहे. डोळे गेल्यापासून ते रोज नदीकाठाने चाचपडत येतात, कपाटातला एक जुना ठसा मागून घेतात आणि राणीच्या तोंडावरून अंगठा फिरवत बसतात. लोक त्यांना राणीचा म्हातारा नवरा म्हणतात. मला मान वर करायची सोय उरली नव्हती. म्हणून मीच पुढे झालो आणि तोच ठसा पहिला घेतला. टाळ्या पडल्या, मला खांद्यावर घेतलं. बाबा दाराशीच होते. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. एवढी कसली राजनिष्ठा? तू जरा समजावून लिही.

दाजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
फ्रुतोस


माद्रिद, १५ ऑक्टोबर १८६८

चि. फ्रुतोस यास,
अ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता चुलीवरचे हरभरे करपले. माझं तोंड बघून कोण गेलं, असं तुझ्या दाजींनी विचारलं.

अरे, तोंड राणीचं होतं, कान तिचा नव्हता. ठसे इथून माद्रिदहून यायचे, पण केस आणि कान शेवटचे साफ करायचं काम बाबांचं. आई आणि मी त्यांचं जेवण घेऊन जायचो. ते आईला खिडकीपाशी बसवायचे आणि तिचा कान बघून कोरायचे, मागच्या कुरळ्या बटेसकट. आई चिडायची. म्हणायची, मासळीवाली ओळखेल आणि भाव वाढवेल. फोटो काढायला ती कधीच बसली नाही. आपला कान देशभर फिरतोय तेवढं पुरे, म्हणायची. ठशात सगळं उलटं आणि खोल असतं, पण बाबांच्या अंगठ्याला ते सुलटंच लागत असणार.

बाहेर कळलं असतं तर बाबांची नोकरी गेली असती, आणि लहानपणी तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता, म्हणून तुला सांगितलं नाही. पुढे आई गेली आणि ते राहूनच गेलं. तुला रागवायला बसले होते, पण राग येत नाही. माझीच मला लाज वाटते.

बाबांना जप. पत्र पाठवत जा.

तुझी ताई,
एंग्रासिया


सेगोव्हिया, २६ ऑक्टोबर १८६८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हल्ली मी कामाला मागच्या दाराने जातो. पुढच्या दाराशी लोक अजून शाबासकी देतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. बाजारात, खाणावळीत, चर्चच्या पायरीवर तांब्याची नाणी उलटीपालटी करून पाहिली. हातोहात फिरून सगळ्यांचे कान गुळगुळीत झालेत. त्यातल्या त्यात बरं एक बाबांच्या हातात ठेवलं. त्यांनी अंगठा फिरवला आणि परत दिलं.

काल आमच्या गावच्या संताचा सण. मी बाबांच्या पायाशी बसलो आणि ताईने सगळं कळवलंय, असं सांगितलं. मला चारचौघांत त्यांची लाज वाटायची, म्हणूनच तो ठसा पहिला घेतला, हेही सांगितलं. त्यांनी किती घाव लागले, असं विचारलं. मी म्हणालो, तीन. त्यांनी मान हलवली. त्या पोलादाला पाणी आपणच दिलं होतं म्हणाले, एका घावात जायचं नाही.

मग त्यांनी हात पुढे केला. माझं डोकं चाचपत कान शोधला, पाळीवरून आणि मागच्या कुरळ्या केसांवरून अंगठा फिरवला आणि तिथेच थांबले. ताई, त्यांनी तो पिळून लाल केला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता रोज संध्याकाळी मला हाक मारतात. मी मान खाली घालून त्यांच्यापाशी बसतो.

तुझ्या मायेला न शोभणारा, तरी ती मागणारा,
फ्रुतोस