भाडेकरूसकट घर

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींना नमस्कार सांग. एक बातमी आहे, वाचून लगेच नाक मुरडू नकोस. मी घर घेतोय. राहायला नाही, भाड्याने द्यायला. एका एजंटाने दाखवलं: दोन खोल्या, तिसरा मजला, किंमत तीस लाख. भाडेकरू आधीपासूनच आत आहे, महिना बावीस हजार देतो. हप्ताही जवळपास तेवढाच. म्हणजे घरच आपलं कर्ज फेडणार! चष्म्याच्या दुकानात जन्मभर काचा घासून जे जमलं नसतं, ते बसल्या जागी होईल.

अडचण एकच. माझ्या पगारावर बँक सोळा लाखांच्या वर जात नाही. भाडेकरार दाखवला आणि सहकर्जदार म्हणून तुझी पेन्शन जोडली, तर चोवीस देते. फक्त एक सही हवी आहे गं.

लोभ आहेच, तो या वेळी सहीपर्यंत पोचावा.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गुडघे जागेवर आहेत, तुझं पत्र वाचून डोकं राहिलं नाही. फक्त सही म्हणे! तू हप्ता चुकवलास की बँक माझ्या पेन्शनला हात घालणार, आणि आम्हा दोघांचं सगळं तिच्यावरच चालतं.

बँकेचे चोवीस, वरचे सहा तुझे. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचे दोन, एजंटाचे साठ हजार, शिवाय बँकेची फी, वकील, रंगरंगोटी. नऊ लाख आहेत का खिशात? मेंटेनन्स आणि घरपट्टी कोण भरणार? व्याजदर चढला तर? घर दोन-चार महिने रिकामं पडलं तर? आणि दोन खोल्यांना बावीस हजार? आमच्याकडे पंधरा देताना लोकांच्या जिवावर येतं. इतकं भाडं येत असताना मालक विकतोय कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय. तो एजंट मला न बघताच आवडलेला नाही.

बायकोला सांगितलंस का, ते लिही. आहे तसाच राहा, शहाणा मात्र हो.

तुझी,
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीस वर्षं घरोघरचे विजेचे मीटर वाचलेस, म्हणून तुला जो तो चोर वाटतो! ठेव मोडली की नऊ लाख होतात. मालकाला मुलीकडे कायमचं जायचंय. भाडेकरू अगदी सज्जन. रविवारी मी स्वतः त्याच्याकडे तासभर बसून आलो. एसी इतका जोरात होता की शाल मागावीशी वाटली. हिला अजून बोललो नाही, एकदम चावीच दाखवीन.

विसाराचा एक लाख दिलाय. महिनाअखेर कर्ज मंजूर झालं नाही, तर तो बुडेल. तेव्हा लोभाबरोबर जरा घाईही असू दे.

तुझा,
धाकटा

२४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू सहीसाठी पाठवलेल्या फॉर्मवरच्या पत्त्यावर जाऊन काल तुझी इमारत बघून आले. जिन्याखाली मीटर आहेत. तुझ्या घराच्या पत्रपेटीत पाच महिन्यांची वीजबिलं खोचलेली होती, एकानेही काढलेली नाहीत. पाचही बिलांवर वापर शून्य. पहिल्या बिलावरचा आकडा आणि कालचा मीटरवरचा आकडा एकच. मी दोनदा वाचला, चष्मा पुसून.

एजंटाने तुला गंडवलं, असं मनाशी म्हणत घरी निघाले. अर्ध्या वाटेत तुझा एसी आठवला. धाकट्या, तू रविवारी कुणाकडे बसला होतास?

उत्तर खरं असेल तरच पाठव.

ताई

२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुणाकडेही नाही. भाडेकरूच नाही. करारावर आमच्या दुकानातल्या हिशेबनिसाची सही आहे. कल्पना एजंटाची, होकार माझा. बावीस लिहिले तरच बँकेचं गणित बसत होतं. घर ताब्यात आलं की खरा भाडेकरू कुठून तरी मिळेल, असं वाटलं. तुला फसवायचं नव्हतं गं, बँकेला फसवायचं होतं.

अर्ज मागे घेतला. लाख गेला. हिला आज सांगितलं, ती बोलत नाही. तू तरी लिही.

तुझा,
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

लिहिते आहे. खोट्या करारासोबत माझी सही गेली असती, आणि या वयात मी बँकेच्या दारात गुन्हेगार म्हणून उभी राहिले असते. तुझे भावोजी तेवढ्यावरच चिडलेत. माझा राग वेगळा आहे.

तुझं पहिलं पत्र आलं, त्याच दिवशी मी पेन्शनची कागदपत्रं काढून पिशवीत भरून ठेवली होती. ते सगळे प्रश्न मी त्यानंतर लिहिले. मी कितीही कुरकुर केली तरी शेवटी सही करणार, हे तुला माहीत होतं. म्हणूनच तू दुसऱ्या कुणाकडे गेला नाहीस.

ताई