कुलपातला माउस

बुधवार, १९ नोव्हेंबर १९९७. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी काँप्युटर क्लासच्या सरांनी मला तोंडावर सांगितलं, "बाई, व्हिज्युअल बेसिक सोडा, सी प्लस प्लस घ्या."

का? तर दोन्ही प्रोग्राम लिहायच्या भाषा, पण व्हिज्युअल बेसिकमध्ये पडद्यावर बटण ओढून बसवायचं, त्याला माउस लागतो. आणि क्लासचे सगळे माउस कपाटात कुलूपबंद! पोरं काँप्युटरवर पत्ते खेळतात म्हणे. सी प्लस प्लस नुसतं टाइप करता येतं, शिवाय "पुण्यात त्यालाच नोकऱ्या आहेत." एकसष्टाव्या वर्षी मी पुण्याला नोकरीला जाणार?

मला हवी माझ्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीसाठी, झुबेदासाठी, पडद्यावर एक खिडकी आणि त्या खिडकीत एक मोठं बटण. झुबेदाची नजर अधू झालीय, गिऱ्हाइकांची मापं वाचता येत नाहीत. परवा एकाचा कुर्ता तोकडा शिवला, तो चार लोकांत बोलून गेला. तिच्या लेकाचा काँप्युटर तिच्या घरातच आहे. बटण दाबलं की बोटभर अक्षरांत मापं दिसावीत, एवढंच, पण रमजानची शिलाई सुरू व्हायच्या आत. सी प्लस प्लसनं तेच करायला मला वर्ष लागेल, हे सरांनीच कबूल केलं!

झुबेदा आज हसत म्हणाली, "ग्रेस, तुझं बटण बसेपर्यंत माझ्या सुईत दोरा तूच ओव." हसली, पण तो तोकडा कुर्ता मांडीवरच होता.

कपाटाला कुलूप, म्हणून मी शिकायचं काय ते बदलायचं? कॉन्व्हेंटच्या सिस्टर कडक होत्या, पण ब्रश कपाटात ठेवून चित्र काढा म्हणाल्या नाहीत.

उद्या सरांच्या हातात चिठ्ठी देणार: मी व्हिज्युअल बेसिकच शिकणार. माउस देता, की सोमवारी माझा घेऊन येऊ? शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा.