लाल धागा

दादा,

दंगलीनंतर आपली गल्ली आणि पलीकडची गल्ली एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. मग दोन्हीकडच्या मुलींची एकच फुटबॉल टीम झाली. आता दोन्हीकडच्या आया एकाच बाकावर दाटीवाटीने बसून गोलकीपरच्या नावाने खडे फोडतात. गोलकीपर म्हणजे तुझी भाची.

काल तुझा माणूस दुकानात आला, तुझ्याच मोटारसायकलवरून. टीमच्या जर्सी मीच शिवते हे त्याला ठाऊक होतं.

"ताई, पलीकडच्या मुलींच्या कॉलरला मागून लाल धागा मारा. गर्दीत ओळखायला बरं."

"कशाला ओळखायचं?"

"दादांनी सांगितलंय," एवढंच बोलून तो माझ्या कात्रीची धार बोटाने बघत बसला.

मी नाही म्हटलं नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. तुला आधी कळलं, तर तू दुसरी खूण शोधशील. उद्या मॅच सुटल्यावर तुझी माणसं लाल धागा शोधायला निघतील, तेव्हा तो सगळ्याच मुलींच्या कॉलरला असेल. तुझ्या भाचीच्या कॉलरला तर मी दुहेरी टाके मारलेत.

तुझी धाकटी