कुलपात राहिलेली चावी

अण्णा,

तुम्हाला हसू येईल, पण मी धबधबे बघायला हॉलंडला जाऊन आले. ज्या देशात तासभर सायकल हाणली तरी चढ लागत नाही, त्या देशात. तुमची नात सध्या एका सेमिस्टरसाठी तिथे शिकते आहे. तिला भेटायला गेले, तर तिने रविवारचा बेत आधीच ठरवून ठेवला होता. म्हणाली, "आई, वॉटरफॉल्स आहेत, बट ऑल मॅन-मेड. तुला आवडणार, आय नो इट." परत येऊन आता तीन आठवडे झाले. इथे कॅनडात, ओंटारियोतल्या आमच्या केंब्रिजमध्ये कालच पहिला बर्फ पडला. विंटर टायर्स लावायला गाडी गॅरेजात दिली आहे, म्हणून कारखान्यात न जाता मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले आहे. आणि बसलेच आहे, तर आज सांगून टाकते. त्या शनिवारी धरणावरची झडप मी उघडली होती. तुम्ही हयात असताना फोनवर दोनदा सांगायला सुरुवात केली आणि दोन्ही वेळा इथल्या थंडीवर घसरले. तुम्हाला ते कळलं होतं की नाही, हे कोडं मला इतकी वर्षं सुटलं नव्हतं.

आपल्या धरणाचा धबधबा तरी कुठे खरा होता! भिंतीतून पाइप काढलेला, तुम्ही चाक फिरवलं की पाणी खालच्या गोल खडकावर पडायचं आणि पांढरं होऊन चहूकडून ओघळायचं. रविवारी लोक गाड्या करून बघायला यायचे. तुम्ही खाकी शर्टाच्या बाह्या दुमडून चाकाशी उभे राहायचात आणि मला वाटायचं, कलेक्टर वगैरे ठीक आहेत, पण धबधबा सुरू करणारा माणूस आमच्याच घरात आहे. हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितलं, की सहावीची सहल धरणावर काढायचं बाईंनी ठरवलं. त्यातला निम्मा हट्ट माझा होता. आणि सहल आली नेमकी घटस्थापनेच्या आधीच्या शनिवारी.

त्या दिवशी खालच्या वाडीतल्या बायका नदीवर गोधड्या धूत होत्या. वर्षातून एकदा, घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण काढून. तुम्ही आदल्या संध्याकाळी वाडीत जाऊन सांगून आला होतात, की उद्या पाणी सोडणार नाही, खुशाल धुवा. बाई म्हणाल्या, "पाचच मिनिटं सोडा हो, मुली लांबून आल्यात." तुम्ही नाही म्हणालात. मग मी पुढे झाले, लाडात येऊन तुमचा हात ओढला, आणि तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, "पाणी काय तुझ्या बापाचं आहे? खाली माणसं आहेत." मुली फिसकन हसल्या. मला ते हसू अजून ऐकू येतं, अण्णा, आणि खरं सांगायचं तर अजून थोडा रागही येतो. हात सोडवून बाजूला घेतलं असतंत, तरी चाललं असतं.

दुपारी मुली खालच्या बागेत डबे खायला बसतात. तुम्ही बाईंना आणि शिपायाला भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला घेऊन जाता. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आपल्या क्वार्टरमध्ये येते. आई चुलीपुढे पाठमोरी भाकरी थापते आहे. चहाच्या गाळणीशेजारी, खिळ्याला, चाकाला घातलेल्या साखळीच्या कुलपाची चावी आहे. ती घेते, पळत जाते, कुलूप काढते, चाकाला लोंबकळते. चाक जड आहे, पण तुम्ही त्याला महिन्याला ग्रीस लावता. अर्धी फेरी बसते आणि पाणी कोसळतं. बागेतून एकच ओरडा होतो, पोरी टाळ्या पिटतात. मग खालून वेगळा ओरडा येतो. मी चाक उलटं फिरवते आणि पळून जाऊन मुलींच्या घोळक्यात बसते.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. खडकांवर वाळत घातलेल्या गोधड्या वाहून गेल्या. एक म्हातारी आपली गोधडी धरायला धावली आणि शेवाळावरून घसरून तिचं मनगट मोडलं. बायका निथळत्या लुगड्यांनी आपल्या दारात आल्या. एक म्हणाली, "तुमच्या शब्दावर आम्ही पाण्यात उतरलो होतो." तुम्ही हात जोडलेत. "चूक माझी आहे. कुलूप लावायचं राहिलं." साहेबांनाही तुम्ही तेच लिहून दिलंत. आईने ट्रंकेतल्या आपल्या दोन गोधड्या काढून वाडीत पाठवल्या आणि तो हिवाळा आपण तिघं एका सतरंजीत काढला. दिवाळीनंतर तुमची बदली झाली, तिकडे लांब, पाटाच्या चौकीवर. धरण सुटलं. तुम्ही नंतर कधी धबधब्याचं नाव काढलं नाहीत आणि मी कुठलं काढते!

तर हॉलंड. गर्द झाडी, त्यात माणसांनी खोदलेला झरा, दगड रचून केलेल्या पायऱ्या आणि वर पाणी अडवणारं एक लहानसं फाटक, त्याला चाक. कुणा जुन्या जमीनदाराने पाहुण्यांना खूश करायला बांधलेलं. एक सत्तरीचा उंच माणूस हौसेने ते सांभाळतो आणि ठरल्या वेळेला पाणी सोडतो. आम्ही दोघीच होतो. त्याने आम्हाला थांबायला सांगितलं आणि आधी खाली उतरून लाकडी पुलापर्यंत गेला, वाकून ओढ्यात पाहिलं, हातातली घंटा वाजवली, परत थोडा थांबला. लेक वैतागली. "आई, व्हाय इज ही वॉकिंग? इट्स लिटरली अ टॅप." मी तिच्यावर एकदम खेकसले. "खाली माणसं असतात," मी म्हणाले. तुमचा आवाज माझ्या तोंडून निघाला, अगदी हुबेहूब. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून सॉरी म्हणाले. तेवढं तुमच्यापेक्षा जास्त केलं, हेही नोंदवून ठेवा.

त्या माणसाने वर येऊन माझ्या हातात चावी दिली. साखळीला कुलूप होतं, आपल्यासारखंच. मी ते काढलं, चाक फिरवलं, पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलं. लेकीने व्हिडिओ काढला. दहा मिनिटांनी चाक बंद केलं, साखळी घातली, कुलूप दाबलं आणि मी वळून चालू लागले. दोन पावलांवर मागे पाहिलं, तर चावी कुलपातच होती. त्याने ती काढून घेतली, खिशात टाकली आणि आमच्याबरोबर हवापाण्याच्या गप्पा मारत चालू लागला.

मी तिथल्या दगडावर खाली बसले. लेक घाबरली, "आर यू ओके? पाणी हवंय?" तिला काय सांगू? मी त्या शनिवारी कुलूप लावलंच नव्हतं, अण्णा. चाक उलटं फिरवून जी पळाले, ती पळालेच. चावी कुलपात तशीच लोंबत होती. आणि संध्याकाळी ती गाळणीशेजारी खिळ्याला होती. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले, की पळताना मीच ती परत खिळ्याला लावली असणार. कधी लावणार? चाकाशी सगळ्यात आधी तुम्ही पोचला होतात. घरातली चावी घरातलंच कोणी नेणार, आणि आई तर चुलीपुढे होती. तुम्ही ती काढलीत, खिशात टाकलीत, आणि मग दाराशी जाऊन हात जोडलेत. वाडीत तुमच्या शब्दाला किंमत होती आणि तीच तुम्ही देऊन टाकलीत. मला साधं विचारलंही नाहीत. तुम्ही ओरडला असतात तर मी त्याच दिवशी मोकळी झाले असते. हे तुम्हाला सुचलं नाही, की सुचूनही तुम्ही माझ्या सांगण्याची वाट बघत राहिलात?

गॅरेजमधून फोन आला, गाडी तयार आहे. हा कागद ड्रॉवरमध्ये विंटर टायर्सच्या पावतीखाली ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? लेकीला मात्र ख्रिसमसला ती आली की सगळं सांगणार आहे. फक्त एक गोष्ट तिलाही सांगणार नाही. खालून बायकांचा ओरडा आला, तेव्हा मी लगेच चाक बंद केलं नव्हतं. मला तो ऐकू आला होता, नीट. पण पाणी इतकं सुंदर पडत होतं, अण्णा, की मी अजून थोडा वेळ पाहत उभी राहिले.