रुंब्यातून चाचात

बाबा, काल वाशीला तुझ्या लाडक्या शिष्येचा कार्यक्रम झाला. टॉवरमधून आपल्याकडे कोंगो वाजवायला शिकायला यायची, ती. सुरुवातीलाच तुझं नाव घेऊन तिने कानाला हात लावला. माझ्या बापाच्या नावाने हिने कानाला हात लावायचा आणि टाळ्याही हिनेच घ्यायच्या! मग गाणं रंगात असताना ती रुंब्याच्या ठेक्यातून चाचाच्या ठेक्यात गेली. माझ्या शेजारचे काका मोबाईल बघत मान डोलवत होते, ते तसेच डोलत राहिले. ठेका बदलल्याचा त्यांना पत्ताही लागला नाही. मला लागला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तुझी परीक्षाच तशी असायची ना. घणसोली गावातलं आपलं स्वयंपाकघर, आई आमच्याकडे पाठ करून तांदळाच्या भाकऱ्या थापतेय, आणि मी दाराशी कोंगो घेऊन बसलेय. मी ठेका बदलला तरी आईने वळता कामा नये. वळली, की बदल फसला. हळदीला तुमचा ऑर्केस्ट्रा वाजायचा तेव्हा नाचणाऱ्यांचा पाय अडखळू नये, म्हणून तू काढलेली ही युक्ती. डावा तळवा चामड्यावर डुलता ठेव, बदलताना उचलू नकोस, हे तू माझ्या कानीकपाळी ओरडायचास. मी नाही उचलायचे रे, देवाशप्पथ. तरी आई पिठाचे हात घेऊन वळायचीच. तू माझ्याकडे न बघता म्हणायचास, "परत." तुझी ती शिष्या वाजवायला बसली की मात्र आईची भाकरी एका लयीत फिरत राहायची, आणि तू हसून तिला म्हणायचास, "कललाच नाय." बदल कळलाच नाही, ही तुझ्या तोंडची सगळ्यात मोठी शाबासकी. लोकाच्या मुलीला मिळायची, आणि मी तिच्यासाठी चहा टाकायला उठायचे.

काल घरी आल्यावर मी आईपुढे सगळं ओकून टाकलं. त्या मुलीच्या हातात असं काय होतं, जे माझ्या हातात नव्हतं? आई भांडी विसळत होती. म्हणाली, "तिचा मना काय कलनार? मी माज्या कामात असायची. तू वाजवाया बसलीस का माजा जीव तुज्याकं. आता बाबा काय बोलतील, म्हनून वलून बघायची."

म्हणजे माझा बदल कदाचित चुकत नव्हता, बाबा. तुला ते कळलं नाही, आणि आता तू गेल्यावर कळवायची सोय नाही. दुसरी कुणी असती तर आईच्या गळ्यात पडली असती. मला तिचा राग आला. आज सकाळपासून मी तोच बदल घोटतेय, तळहात लाल झालेत, आणि त्या मुलीचा मत्सर तसूभरही कमी झालेला नाही. आईचं ते वळून बघणं देऊन तुझं ते "कललाच नाय" मिळणार असेल, तर मी आत्ता देईन. हे पत्र घरात ठेवायची सोय नाही, फाडूनच टाकावं लागेल. आईला वाचता येतं.