नरम लोखंडाची ठिणगी

प्रिय आब्राफी,

हे अक्षर पाहून तुझा विश्वासच बसायचा नाही. वाटेल, मामानं कोणाकडून तरी लिहून घेतलंय. नाही गं बाई, माझंच आहे. ओळी टेकाड चढल्यासारख्या वर वर चालल्यात, ते मलाही दिसतंय. तुझी आई मघाशी डोकावली आणि म्हणाली, "दादा, पत्र लिहितोयस की खिडकीची जाळी वेल्ड करतोयस?" हसू दे तिला. आज रविवार. सुआमेचा अख्खा गॅरेजबाजार चर्चला गेलाय. कुठे हातोडा नाही, ग्राइंडर नाही, जनरेटरची घरघर नाही. वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटलाय आणि धुळीतून ऊन असं झिरपतंय की शेजारची गॅरेजं पाण्याखाली असल्यासारखी दिसतात. अशा वेळी मी इथं बाकावर पडून राहतो, आणि डोळा लागतोय न लागतोय तोच तू येतेस, कमरेला कापड गुंडाळून, हातात मोजपट्टी धरून. पंधरा वर्षांचीच असतेस नेहमी.

काल आपल्या आडूची पावडर झाली, शिकाऊपण संपलं त्याचं. तू गेल्यावर शिकायला आलेला तो लंबूटांग्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा करून त्याला गल्लीगल्लीतून फिरवला. त्याची आई नाचता नाचता रडत होती. अशा दिवशी कोणीतरी म्हातारा मला हटकतोच, "बोआडी, सगळ्यांच्या पोरांवर पावडर टाकलीस, सख्ख्या भाचीची कधी?" आणि तीन वर्षं मी एकच उत्तर ठेवणीत ठेवलंय, "तिला अजून लोखंड कळत नाही." पावडर नाही म्हणजे स्वतःची शेड नाही, शिष्य नाही, मास्टर म्हणवून घेणं नाही. तू तिकडे टेचिमानला दुसऱ्याच्या शेडमध्ये शाळकरी पोरांच्या पत्र्याच्या ट्रंका ठोकतेस, हे मला ठाऊक आहे. एकोणिसाव्या वर्षी जिनं एकटीनं दोन झडपांचं गेट उभं केलं, ती ट्रंका ठोकतेय.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो? मी तुला एमएसची सळई दिली आणि म्हटलं, वाकव. तू वाकवलीस. म्हटलं, आता सरळ कर. तीही झाली. मग मी नेहमीचं पुराण लावलं. हे माइल्ड स्टील, यात कोळशाचा अंश अगदी चिमूटभर, म्हणून स्वभावानं नरम. ठोकलं की पसरतं, ओढलं की लांबतं, दोन तुकडे वेल्ड केले की वेगळे होते हेच विसरतात. लाल करून पाण्यात बुडवलं तरी कडक होत नाही, तेव्हा याचा सुरा करायला जाऊ नकोस. आणि उघडं ठेवलं तर गंजून जाईल, तेव्हा रंगाचा आळस नको. गेट, खिडकीच्या जाळ्या, पाण्याच्या टाकीचा मनोरा, कोळशाची शेगडी, पलंग, ट्रकचा सांगाडा, सगळं याच्यावर उभं आहे. तू विचारलंस, "मग मामा, सगळंच याचं का नाही करत?" म्हटलं, धार धरत नाही ते. चक्कीच्या आतले हातोडे, कुदळीचं पातं, यांना ट्रकच्या कमानपाट्याचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचं लोखंड लागतं. ते कडक, पण तापट. वेल्ड केलं की सांध्याशेजारी आतून तडकतं आणि मोडताना सांगत नाही. एमएस मोडायच्या आधी वाकतं, कुरकुरतं, माणसाला बाजूला व्हायला वेळ देतं. तू लगेच म्हणालीस, "म्हणजे आईसारखं." पोट धरून हसलो होतो आपण.

भंगारातल्या दांड्यावर त्याचं नाव लिहिलेलं नसतं. ग्राइंडरला लावायचा आणि ठिणग्या वाचायच्या. नरमाची ठिणगी लांब, सरळ, पिवळट, क्वचित कुठे फाटा. कडकाची आखूड, आणि टोकाला फुलंच फुलं. या बाजारात ठिणग्या वाचाव्यात तर बोआडीनं, असं लोक म्हणायचे. ते ऐकायला फार गोड लागायचं गं. त्याच गोडीनं घात केला. कारण तू जायच्या सुमारास माझ्या डोळ्यांपुढची धूळ हटेचना. वारा थांबला, पाऊस लागला, गटारं वाहिली, तरी माझ्यापुढचं धुकं तसंच. माणसं आवाजावरून ओळखायचो. वेल्डची रेघ बोटानं चाचपायचो. वाईट नव्हतं ते, उलट सगळं जग मऊ झालं होतं, दिव्यांना वलयं, तुझ्या आईच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. कोणाला सांगितलं नाही. वेल्डरचे डोळे गेले म्हटल्यावर त्याच्याकडे काम कोण टाकेल?

आफ्राकोमाबाईंच्या चक्कीचा दांडा त्याच दिवसांतला. मक्याची चक्की, वर्षभर पैसे साठवून करून घेतलेली. दांड्याला पुलीची कॉलर वेल्ड करायची होती, म्हणजे एमएसच हवा. ढिगातून दांडा मी उचलला. ग्राइंडरला मी लावला. मला एक उबदार नारिंगी ढग दिसला, बाकी काही नाही. मी म्हटलं, नरम आहे, घे. तू शेजारी उभी होतीस. हळूच म्हणालीस, "मामा, ठिणग्या फुलतायत. पुन्हा एकदा बघा ना." आणि मी ओरडलो, "अंडं कोंबडीला शिकवतंय का?" तू मान खाली घालून वेल्ड केलंस. अकराव्या दिवशी दांडा सांध्यापाशी काडीसारखा तुटला, पुली उडाली, बाईंचा डावा हात मोडला.

बाईंची माणसं दारात आली तेव्हा मी काय बोललो ते तुला पाठ असेल. "दांडा पोरीनं निवडला." सगळ्यांसमोर. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. वडीलधाऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे मीच तुला शिकवलेलं, आणि तू ते पाळलंस. शनिवारी तुझी पावडर ठरली होती. आदल्या दिवशी, शुक्रवारीच तू बसमध्ये बसलीस. नंतर मी स्वतःलाच पटवत राहिलो, कोण जाणे, पोरीनं मागाहून दांडा बदललाही असेल. माणूस स्वतःशी किती सराईतपणे खोटं बोलतो बघ.

महिन्यापूर्वी डॉक्टर लोकांचं शिबिर आलं, तुझ्या आईनं हाताला धरून नेलं, उजव्या डोळ्यावरचा मोतीबिंदूचा पडदा काढला. पट्टी सुटली आणि आधी दिसल्या तिच्या सुरकुत्या. मी बघतच राहिलो, कधी एवढी म्हातारी झाली ही? मग शेडमध्ये आलो. तो तुटका दांडा मी टाकला नव्हता, ऑक्सिजनच्या नळकांड्यामागे होता. ग्राइंडरला लावला. फुलंच फुलं, आब्राफी. आंधळ्यालाही दिसावीत इतकी. मी तिथंच खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. दांडा तोच होता. मी निवडलेला.

काल आडूच्या पावडरीला म्हाताऱ्यानं सवयीनं तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी मी सगळं सांगून टाकलं. ढोल थांबला. बाजाराच्या पंचांनी मला मेंढरू दंड लावला, तो मी दिलाय. पण ते म्हणाले, गुन्हेगारानं स्वतः तोंड घेऊन जायचं नसतं, ज्याचा शब्द मोडवत नाही असं माणूस पाठव. कोणी उठेना. मास्टरनं शिष्येची माफी मागायची, असलं काम कोणी अंगावर घेतं का? मग मागून आफ्राकोमाबाई उठल्या. म्हणाल्या, "हात माझा मोडलाय, मी जाते." हे पत्र तुझ्या हातात दिलं ना, त्याच त्या. त्यांना स्टूल दे, पाणी दे, मग रीतीप्रमाणे विचार, काय काम काढलंत? त्या माझ्या वतीनं माफी मागतील. नाही म्हणावंसं वाटलं तर खुशाल नाही म्हण. पण पावडर त्यांच्याच पिशवीत दिलीय, आणि ती माफीवर अडलेली नाही. पंच म्हणाले, माझ्या हाताऐवजी त्यांचा हात चालेल. तिथंच, तुझ्या माणसांदेखत टाकतील, त्यासाठी तुला माझ्या दारात यायला नको. त्यानंतर तू मास्टर. आपल्या रीतीनं मामाची शेड बहिणीच्या लेकराची, म्हणजे ही तुझी, पण मास्टरला कोणी ये म्हणून हुकूम सोडत नाही, विचारावं लागतं. तर मास्टर, मी विचारतोय, याल का?

तुझाच,
बोआडीमामा