चिखलातलं 'टेक'

बुधवार, हिर्डोशी. रात्र.

आज इर्जिक आमच्याकडे, सगळ्यांनी मिळून लावायची पाळी आमच्या शेताची. अख्खी वाडी आमच्या खाचरात भात लावत होती आणि मी घरात मोबाईलसमोर, चीनमधल्या लिनला इंग्रजीतल्या 'टेक'चे अर्थ शिकवत बसले होते. घेणं, नेणं, वेळ लागणं, फोटो काढणं. बिचारी पार गोंधळली. शेवटी मी भातावरच आले. रोपं खाचरात नेतात, तिथं टेक. लावणीला दिवस लागतो, तिथंही टेक. लिन हसली. तिची आईही भात लावते म्हणे. लगेच समजलं तिला!

क्लास संपला नाही तोच ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीतल्या मॅडमचा फोन. त्या क्लास ऐकत होत्या. "विमानतळ, कॉफी अशी उदाहरणं द्यायची. हे खेडवळ काय? उद्यापासून लिनला दुसरी टीचर देतोय."

खेडवळ. मग लिनची आई कोण?

संध्याकाळी सगळ्यांना जेवायला वाढताना शेजारच्या सखूआत्या म्हणाल्या, "खाचरात आलीच न्हाईस गं. मोबाईलमधलं काम लई मोठं हाय व्हय?"

मी त्यांना आमटी वाढली. काय सांगणार? खेडवळ म्हणून लिनचा क्लास काढून घेतला?

उद्या इर्जिक आत्यांकडे. सगळ्यांच्या आधी चिखलात उतरेन. म्हणतील, पोर सुधारली.